एक नमुना, अपरिपक्व

मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत सहज डोकावले होते. ती कोळ्यांवर काम करते. तिने एक काचेची बशी स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि म्हणाली, "हा बघ." बशीत अल्कोहोल, तळाशी बारीक पांढऱ्या वाळूचा थर आणि त्या वाळूत टेकवून ठेवलेला एक कोळी. फोकस जुळेपर्यंत नुसतंच धुकं दिसत होतं, मग एकदम पाय स्पष्ट झाले. शरीराच्या मानाने फारच लांब पाय, त्यांवर विरळ उभे केस, आणि प्रत्येक केसाच्या बुडाशी एक इवलंसं वाटोळं खोबण. अंगाला रंग म्हणावा असा नव्हताच. फिकट, किंचित पारदर्शक कातडी, आतली सावली बाहेरून कळेल इतकी पातळ. डोक्याच्या पुढच्या भागात, जिथे कोळ्याचे डोळे असतात, तिथे काहीच नव्हतं. सपाट, गुळगुळीत. एका पायाचं टोक तुटून बाजूला वाळूत पडलं होतं. बशीशेजारी ज्या कुपीतून तो काढला होता तिच्यातली चिठ्ठी होती. गुहेचा सांकेतिक क्रमांक, तारीख, "अंधारा भाग, ओल्या दगडाखाली" आणि शेवटी "१ नमुना, अपरिपक्व".

"नाव काय याचं?"

"नाही अजून."

"म्हणजे नवीन आहे?"

"बहुतेक. पण तसं लिहिता येणार नाही. वयात आलेला नाही ना."

कोळ्याची प्रजाती ओळखायची तर नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शपादांची टोकं बघावी लागतात, नाहीतर मादीच्या पोटाखालची जननेंद्रियाची पट्टी. हे दोन्ही अवयव शेवटची कात टाकल्यावरच पूर्ण घडतात. त्याआधीचा कोळी कुठल्या कुळातला, फार तर कुठल्या प्रजातीगटातला, इतकंच सांगता येतं. तो कोळी आणखी एक-दोन कात टाकून मोठा झाला असता तर त्याचं चित्र निघालं असतं, मोजमापं छापली असती, जगभरच्या कोळ्यांच्या यादीत त्याची ओळ आली असती. मी विचारलं, परत गेला नाहीत का तिथे? ती म्हणाली, गेलो होतो, पुन्हा मिळाला नाही.

हे मला टोचत राहिलं. जीव गेला, आणि नावही नाही.

मी संशोधक नाही. गुहा उतरणाऱ्यांच्या गटाबरोबर जाते, पिशव्या वाहते, दोराजवळ थांबते, आणि हस्ताक्षर बरं आहे म्हणून चिठ्ठ्या लिहिण्याचं काम माझ्याकडे येतं. गुहेत जीव शोधणं म्हणजे काय, हे बाहेरून कळत नाही. लोकांना वाटतं की आत शिरायचं, दिवा फिरवायचा आणि काहीतरी पळताना दिसेल. प्रत्यक्षात बहुतेक वेळ गुडघ्यांवर जातो. तोंडाजवळचा उजेडाचा पट्टा संपला की हवा बदलते. बाहेरचा वारा, ऊन, पाऊस यातलं काही आत पोचत नाही. वर्षभराच्या तापमानाची जी सरासरी, तीच आत बाराही महिने असते. आर्द्रता इतकी की चष्म्यावरचं धुकं जात नाही आणि कागद हातात मऊ पडतो. वास येतो तो ओल्या चिखलाचा, आणि वटवाघळं असतील तर त्यांच्या विष्ठेचा, नाकात खोल जाऊन बसणारा. कुठेतरी थेंब पडत असतो. सगळ्यांनी दिवे बंद केले की डोळ्यांसमोर हात हलवून बघावा. तो हलताना दिसल्यासारखा वाटतो. दिसत नसतोच, हात हलवणाऱ्या मेंदूने तो स्वतःच भरून काढलेला असतो. त्या काळोखाला सरावायला डोळ्यांना कितीही वेळ दिला तरी उपयोग नाही.

तिथे शोधायचं ते अन्नाच्या मागावर. गुहेत हिरवं काही उगवत नाही. पुराच्या पाण्याबरोबर आलेली कुजकी फांदी, छतातून उतरलेली मुळं, विष्ठेचा ढीग, मेलेल्या किड्यावरची बुरशी, या जागी स्प्रिंगटेलसारखे सूक्ष्म जीव जमतात आणि त्यांच्या मागे आठ पायांचे शिकारी येतात. एकदा अशाच एका फांदीची साल मी चिमट्याने उचलली आणि खाली तांदळाच्या दाण्याहून लहान असा एक स्यूडोस्कॉर्पियन होता. विंचवासारख्या नांग्या, पण शेपटी नाही. गुहेतल्यांच्या नांग्या फार बारीक आणि लांब होतात. त्याने त्या पुढे पसरून धरल्या होत्या, हवेत काही चाचपावं तशा. त्या नांग्यांवर लांब संवेदी केस असतात, हवेची अगदी हलकी हालचालही त्यांना कळते. माझा श्वास त्याच्यापर्यंत पोचला असावा. तो थबकला, नांग्या आवळल्या आणि सरळ मागच्या मागे पळाला, पुढे तोंड ठेवूनच. मागून ब्रश आला. रंगकामाचा बारीक ब्रश, अल्कोहोलमध्ये बुडवलेला. ओल्या केसांना तो चिकटला आणि कुपीत गेला. काही क्षण पाय हलले. मी चिठ्ठी लिहायला घेतली.

त्या वेळी मला आनंद झाला होता, हे खरं आहे. सगळ्यांचे चेहरे उजळले होते. दिव्यासमोर कुपी धरून प्रत्येकाने पाहिलं. आणि त्याच वेळी त्या थांबलेल्या पायांकडे नीट बघवत नव्हतं, हेही खरं आहे.

या शोधांची सुरुवात फार जुनी नाही. गुहेत प्राणी राहू शकतात असं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत फारसं कुणाच्या डोक्यात नव्हतं. १८३१ साली आजच्या स्लोव्हेनियातल्या पोस्टोयना गुहेत दिवे लावण्याचं काम करणाऱ्या लुका चेच या माणसाला लांब पायांचा, फुगीर पोटाचा एक आंधळा भुंगेरा सापडला. पुढच्या वर्षी त्याचं वर्णन छापून आलं. त्या एका भुंगेऱ्याने युरोपातल्या निसर्गाभ्यासकांची पावलं गुहांकडे वळवली. १८४७ साली डॅनिश कीटकशास्त्रज्ञ शियोट याने त्याच प्रदेशातल्या गुहांमधून स्टॅलिटा टेनारिया हा कोळी आणि एक स्यूडोस्कॉर्पियनही जगासमोर आणला. मला यातला लुका चेच फार जवळचा वाटतो. त्याला वर्गीकरण येत नव्हतं, पण आपल्या दिव्याच्या उजेडात हललेली गोष्ट वेगळी आहे हे त्याला कळलं, आणि त्याने ती उचलून योग्य माणसापर्यंत पोचवली. आजही पुष्कळदा असंच होतं. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या गुहांमध्ये हौशी गुहाशोधकांना २०१० साली एक मोठा तांबूस कोळी मिळाला, ज्याच्या पायांच्या टोकांना आकड्यांसारख्या वळलेल्या नख्या होत्या. तो कुठल्याच माहीत असलेल्या कुळात बसेना. २०१२ साली त्याच्यासाठी ट्रोग्लोरॅप्टोरिडी हे नवं कूळच निर्माण करावं लागलं, आणि ज्या गुहाप्रेमीच्या हाती तो लागला त्याच्यावरून प्रजातीला मार्चिंग्टोनी म्हटलं गेलं. नवी प्रजाती मिळणं ही कोळ्यांच्या जगात तशी नवलाईची गोष्ट नाही. नोंदवलेल्या प्रजातींची संख्या २०२२ साली पन्नास हजारांच्या वर गेली आणि रोज वाढते आहे. अख्खं कूळ मिळणं मात्र विरळा.

मेक्सिकोतल्या ओआहाका भागातला अलाक्रान टार्टारस हा विंचू तर सातशे वीस ते नऊशे सोळा मीटर खोलीवर मिळाला. १९८२ साली त्याचं वर्णन झालं. इतक्या खोल जाणारे लोक तिथे विंचवासाठी गेले नव्हते. ते गुहेचा नकाशा करायला गेले होते, दोरांवर लटकत, भूमिगत तळ ठोकून. आणि तिथे, त्या थंड ओल्या दगडांवर, हा आपला चालत होता.

गुहा म्हणजे काय, याबद्दलची माझी समजूत ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागाबद्दल वाचल्यावर उलटीपालटी झाली. तो कोरडा, लाल, लोहखनिजाचा प्रदेश. तिथे माणूस शिरेल अशा गुहा फारशा नाहीत. खाणी काढण्याआधी कंपन्या जमिनीत भोकं पाडून खडक तपासतात. त्या भोकांमध्ये कुजलेल्या पाल्याने भरलेले छोटे सापळे सोडून काही आठवड्यांनी वर ओढले, तर त्यात स्किझोमिड सापडू लागले. हे काही मिलिमीटर लांबीचे, फिकट, डोळे नसलेले अष्टपाद जीव, पुढचे दोन पाय मिशांसारखे लांबवून वाट चाचपत जाणारे. त्यांच्यासाठी गुहा ही खडकातली बोटभर रुंदीची भेग असते. फ्रान्समधल्या अभ्यासकांनी १९८० साली डोंगरउतारावरच्या दगडगोट्यांच्या थरांखालच्या पोकळ्यांमध्येही गुहाजीव राहतात हे दाखवून दिलं होतं, जिथे गुहेचा मागमूसही नाही. म्हणजे ज्याला आपण गुहा म्हणतो ती खडकातल्या अखंड भेगांच्या जाळ्याला आपल्या अंगाच्या मापाची पडलेली एक खिडकी आहे. त्या जाळ्यात राहणारा कोळी कधीतरी खिडकीशी येतो, आपण त्याच वेळी तिथे असलो तर आपल्याला दिसतो. परत गेलं तर मिळत नाही, यात आश्चर्य काहीच नाही. तो आपल्या घरात आहे. आपण दारात उभे आहोत.

हे कळल्यावर "ही प्रजाती फक्त या एका गुहेत आढळते" हे वाक्य मी वेगळ्या कानांनी ऐकायला लागले. कधी ते शब्दशः खरं असतं. पिलबारातल्या काही स्किझोमिडांचं सगळं जग एका सपाट डोंगराएवढं आहे. शेजारच्या डोंगरात दुसरी प्रजाती, कारण मधल्या दरीत त्यांना ओलांडता येईल अशा भेगा नाहीत. २००७ साली तिथल्या पर्यावरण प्राधिकरणाने या जिवांचं कारण देऊन एका लोहखनिज प्रकल्पाला परवानगी देऊ नये असं सुचवलं होतं. पुढे काही भाग राखून ठेवण्याच्या अटीवर खाण झालीच. ज्या भोकांमुळे ते जीव आहेत हे कळलं, ती भोकं त्यांचा डोंगर खणण्यासाठीच पाडलेली होती. मला हे वाचून रागही आला आणि त्या भोकांबद्दल एक विचित्र कृतज्ञताही वाटली. दोन्ही अजून तसंच आहे.

डोळ्यांबद्दल लिहायलाच हवं. अंधारातल्या जिवाचा फोटो लोकांना दाखवला की पहिली प्रतिक्रिया "अरेरे, बिचारा आंधळा" अशी असते. मला ती सहन होत नाही. हवाई बेटांमधल्या कवाई बेटावर लाव्हाच्या नळ्यांमध्ये, म्हणजे लाव्हा वाहून गेल्यावर उरलेल्या बोगद्यांमध्ये, अडेलोकोसा ॲनॉप्स नावाचा कोळी राहतो. तो ज्या कुळातला आहे ते लांडगा कोळ्यांचं कूळ मोठ्या डोळ्यांसाठी प्रसिद्ध. रात्री त्यांच्यावर बॅटरी मारली की डोळे चमकतात. याला डोळेच नाहीत. तरी हा जाळं विणून बसून राहत नाही. कुळाच्या सवयीप्रमाणे चालत फिरतो आणि गुहेतल्याच एका छोट्या ॲम्फिपॉडची, म्हणजे कोळंबीच्या लांबच्या नात्यातल्या जिवाची, शिकार करतो. पिल्लंही थोडीच. जमिनीवरचे त्याचे नातेवाईक एका खेपेला शेकड्यांनी अंडी घालतात, ही मादी पंधरा ते तीस. पण पिल्लू बाहेर येतं ते मोठं, धडधाकट. त्याला १९७३ साली नाव मिळालं. असे जीव सापडेपर्यंत अभ्यासकांची अशी समजूत होती की उष्ण कटिबंधात, त्यातही समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखी बेटांवर, खरे गुहाजीव घडायला वेळच मिळालेला नसणार. फ्रान्सिस हॉवर्थ याने १९७१ साली हवाईच्या लाव्हा नळ्यांमध्ये ते शोधून दाखवले आणि ती समजूत गेली. असा हा कोळी, पुस्तकांतलं एक अख्खं प्रकरण बदलायला लावणाऱ्यांपैकी एक. बिचारा कसला?

लाओसमधला सिनोपोडा स्कुरिऑन हा असाच. जर्मनीच्या झेंकेनबर्ग संस्थेच्या पीटर येगर यांनी २०१२ साली त्याचं वर्णन केलं. जाळं न विणता धावून शिकार करणाऱ्या हंट्समन कोळ्यांमधला डोळे पूर्ण गेलेला तो पहिला. त्याच्या नात्यातल्या गुहावासी कोळ्यांकडे ओळीने पाहिलं तर कुणाला आठही डोळे, कुणाला सहा, कुणाला चार, कुणाला दोन, आणि याला एकही नाही. एरवी उत्क्रांतीतले मधले टप्पे पुसले गेलेले असतात. इथे ते वेगवेगळ्या गुहांमध्ये आजही जिवंत चालताहेत. नाव मात्र एका हेडलॅम्प बनवणाऱ्या स्विस कंपनीवरून पडलं, ज्याच्या डोळ्यांना उजेडाची गरज उरली नाही त्याला. इस्राएलमध्ये व्हिप स्पायडरच्या, म्हणजे चाबकासारखे लांब पुढचे पाय असलेल्या कोळ्यांच्या नातेवाईकांच्या, दोन जवळच्या प्रजाती आहेत, एकीचे डोळे शाबूत आणि एकीचे खुरटलेले. त्या दुसरीचं वर्णन २०१६ साली झालं. पुढे त्यांच्या भ्रूणांमध्ये डोळे घडवणारी कोणती जनुकं किती काम करतात याची तुलना सुरू झाली. नाव मिळाल्यावरच असे प्रश्न विचारता येतात.

त्याच देशातल्या गुहांमधली आणखी एक गोष्ट मला वारंवार आठवते. तिथे टेजेनारिया या कोळ्यांच्या नव्या प्रजाती मिळाल्या. गुहेच्या तोंडाशी डोळस, रंगीत कोळी आणि आत काही पावलांवर फिकट, डोळे गेलेले. कुणालाही वाटेल की आतले हे तोंडाशी राहणाऱ्यांचेच वंशज. डीएनए तपासलं तर आतल्यांचं जवळचं नातं निघालं ते युरोपच्या भूमध्य समुद्राकाठच्या कोळ्यांशी. त्यांचे पूर्वज ज्या हवामानात जमिनीवर हिंडत होते ते हवामान कधीच गेलं, वरचे नातेवाईक नाहीसे झाले, आणि खाली गेलेले तेवढे उरले. दारातला कोळी नंतर आलेला शेजारी आहे. एका छोट्या गुहेत, हाताच्या अंतरावर, दोन वेगळे इतिहास जाळी विणून बसलेले.

आता पुन्हा त्या टोचणीकडे येते, कारण ती नुसती माझी नाही. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात १९८० साली एका गुहेत डोळे नसलेल्या कोळ्याचा एकच नमुना मिळाला. १९९२ साली त्याला सिक्युरिना वेनी हे नाव मिळालं. दरम्यान त्या गुहेचं तोंड बांधकामात बुजवलं गेलं. २००० साली तो संकटग्रस्त म्हणून कायद्याच्या संरक्षणाखाली आला, म्हणजे ज्याला पुन्हा कुणी पाहिलं नव्हतं अशाला संरक्षण. मग २०१२ साली शहराच्या वायव्येला महामार्गाखालून भुयारी रस्ता करण्याचं दीड कोटी डॉलरचं काम चालू असताना पावसाने जमिनीत एक खड्डा उघडा पडला. आत उतरलेल्या जीवशास्त्रज्ञांना एक कोळी दिसला. तो सिक्युरिना वेनीच आहे हे ठरवण्याचा एकच मार्ग होता, तो पकडून त्याचं विच्छेदन करणं. केलं. तोच निघाला. काम थांबलं आणि पुढे भुयाराऐवजी उड्डाणपूल बांधायचं ठरलं. बत्तीस वर्षांनी दिसलेला कोळी, आणि त्याला ओळखण्यासाठी त्यालाच मारावं लागलं. पण त्या मरणामुळे खालची पोकळी वाचली, आणि तिच्यात त्याचे भाऊबंद असतील तर तेही. मी हे वाचून बराच वेळ नुसती बसून होते. त्या जीवशास्त्रज्ञाच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. हात थरथरला असता.

कायद्याला नाव लागतं. "एक फिकट कोळी" असं लिहून कुठलीही खाण, रस्ता, इमारत थांबत नाही. नाव मिळण्यासाठी नमुना लागतो, तोही पूर्ण वाढलेला. ज्या जिवांची संख्या मुळात थोडी, जे हळू वाढतात, थोडी अंडी घालतात, त्यांच्या बाबतीत हा सौदा महागडा आहे. वर नमुना मिळाला तरी घाई कुणालाच नसते. एका अभ्यासात २०१२ साली हिशेब मांडला होता की प्राणी किंवा वनस्पती गोळा केल्यापासून तिचं वर्णन छापून येईपर्यंत सरासरी एकवीस वर्षं जातात. एकवीस वर्षं कुपीत, शेल्फवर. वर्णन करणारी माणसं कमी, त्यांना मिळणारा पैसा त्याहून कमी. मला विचाराल तर गुहेतल्या प्रत्येक कोळ्यामागचा खरा तुटवडा हा आहे. नव्या मोहिमांच्या बातम्या येतात, फोटो येतात. शेल्फवरच्या कुप्या उघडून तासन्‌तास एका पायावरचे केस मोजणाऱ्या माणसाची बातमी येत नाही. जीव घ्यायचाच असेल तर त्याचं ऋण निदान वेळेत फेडायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कधी कधी तर नमुनाही मेलेलाच मिळतो. २००६ साली इस्राएलमध्ये रामलाजवळच्या चुनखडीच्या खाणीत खडक फोडताना अयालोन नावाची गुहा उघडी पडली. वर जमिनीशी तिचा काहीच संबंध नव्हता, एखादं भोकही नाही. आत भूमिगत तळं, त्यावर जिवाणूंचे थर, जे सूर्यप्रकाशाऐवजी गंधकाच्या रसायनांवर जगतात आणि बाकी सगळ्यांना पोसतात. रोमानियात १९८६ साली बांधकामासाठी खणताना सापडलेल्या मोव्हिले गुहेतही असंच होतं. तिथल्या पन्नासच्या आसपास प्रजातींपैकी तीसहून अधिक जगात इतरत्र कुठेच नाहीत, त्यांत कोळी आणि स्यूडोस्कॉर्पियनही आले. अयालोनमध्ये आंधळ्या विंचवांची सुकी, पोकळ शरीरं मिळाली. २००७ साली त्याला अक्राव इस्राचानानी हे नाव दिलं गेलं. जिवंत एकही मिळाला नाही. भूजलाचा उपसा वाढून पाणी खाली गेलं आणि त्यांचं अन्न तुटलं, असा अंदाज मांडला गेला. लाखो वर्षं चाललेलं बिऱ्हाड, आणि आपण पोचायच्या थोडंसंच आधी संपलेलं. त्या कवचांचे फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत. नांग्या अजून उघड्या आहेत.

आम्ही आत जातो तेही निर्धोक नसतं. बुटांच्या तळव्यांचा चिखल एका गुहेतून दुसरीत जातो, कपड्यांचे धागे गळतात, चॉकलेटचा चुरा सांडतो, आणि जिथे अन्नाचा कणही मोलाचा तिथे या उधळपट्टीने बाहेरचे झुरळ-मुंग्यांसारखे जीव आत घुसतात. अरुंद जागी सरपटताना आपल्या गुडघ्याखाली काय आलं हे कधीच कळत नाही. म्हणून गुहांचे पत्ते जाहीर न करण्याची जी शिस्त गुहाशोधकांमध्ये आहे, तिचा मला आधार वाटतो. अमेरिकेत तर महत्त्वाच्या सरकारी गुहांची ठिकाणं गुप्त ठेवण्याची तरतूद १९८८च्या कायद्यातच आहे. कुणाला हे हातचं राखून ठेवणं वाटेल. पण हौस म्हणून विंचू आणि व्हिप स्पायडर पाळणाऱ्यांचा बाजार मोठा आहे, आणि ज्याचं सगळं जग एका भेगेत मावतं त्याला एक पिशवीभर लोभ पुरेसा आहे. त्या चिठ्ठीवर गुहेचं नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता, आणि मला तो विचारावासाही वाटला नाही.

नाव मिळालं की सगळं मिळालं, असं मात्र मी मानत नाही. पाल्पिग्रेड नावाचे अष्टपाद जीव आहेत, दोनेक मिलिमीटरचे, पांढुरके, मागे मण्यांच्या माळेसारखी बारीक शेपटी. चालताना ते ती शेपटी उचलून धरतात. गुहांमध्ये साचलेल्या पाण्याच्या डबक्यांवर ते तरंगताना दिसतात, तेवढाच बहुतेकांचा त्यांच्याशी परिचय. युकोनेनिया स्पेलिया या त्यांच्यातल्या एका युरोपीय प्रजातीला १९०२ साली नाव मिळालं. ती शिकारी आहे हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, कारण तिचं बहुतेक गोत शिकारी. स्लोव्हाकियातल्या आर्डोव्ह्स्का गुहेत काम करणाऱ्या संशोधकांनी तिच्या शरीराचे पातळ काप काढून आतडं तपासलं आणि २०१३ साली छापलं, की त्यात शिकारीचा अंश नव्हता. होत्या त्या सायनोबॅक्टेरियाच्या, म्हणजे एरवी सूर्यप्रकाशावर अन्न बनवणाऱ्या जिवाणूंच्या, पेशी. सूर्य कधीही न पाहिलेल्या, उजेडाशिवाय जगायला शिकलेल्या सायनोबॅक्टेरिया, आणि त्या खाऊन जगणारा, कोळी-विंचवांच्या वर्गातला एक जीव. हे कळण्यासाठी कुणीतरी फार दिवस एका केसाएवढ्या आतड्याकडे पाहत बसलं होतं. मला अशी कामं अजून हवी आहेत. कोण काय खातो, कात किती वेळा टाकतो, मादी पिल्लांजवळ थांबते का, भेगेत किती खोल जाते. ज्यांना नावं मिळाली आहेत त्यांच्यापासूनच सुरुवात करावी. ते निदान कुठे असतात हे माहीत आहे, आणि त्यासाठी दर वेळी ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवावा लागत नाही. दिवा मंद करून एका जागी बसता येतं.